फळ्यावरचं पाणी

आमच्या गावात कुणाला त्याच्या विहिरीचं पाणी विचारत नाहीत. पिकाचं विचारतात, बैलाचं विचारतात, पोराच्या खोकल्याचंही विचारतात. विहिरीचं विचारायचं ते फक्त सोयरिक जमवायला आलेल्या मुलीच्या बापानं. त्याला तो हक्क असतो. बाकी कुणी विचारलं, तर हा एक तर पाणी मागायला आलाय, नाहीतर याच्या पोटात दुखतंय, असंच समजायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही बहात्तरच्या दुष्काळात मी एकवीस विहिरींचं पाणी विचारत गावभर हिंडलो आणि लोक सांगतील ते लिहून घेत गेलो. त्याचं पुढं काय झालं ते लिहायचं आहे. नीट लिहिता येईल की नाही, सांगता येत नाही. त्या वर्षाचा शीण अजून पुरता उतरलेला नाही.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, मिरजगावला एस.टी.तून उतरलं की चालत दीड तास. मी नगरला कॉलेजात होतो. घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. त्यामुळं गावात मला एक विचित्र मान होता. सरकारी कागद आला की वाचायला मला बोलवायचे, आणि वाचून झाला की माझ्या पॅन्टवरून चेष्टा करायचे.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल. बाजरी वितभर वाढून करपली. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा आमच्या भूगोलाच्या सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या ओळखीची एक संस्था दोन-चार गावांना पाणी अडवण्याच्या कामासाठी मदत देणार होती. ओढ्यावर मातीचे बांध, टेकडीच्या उतारावर चर, आणि जोडीला गावाला पाण्याचं शिक्षण, असं ते काम होतं. अटी तीन होत्या. गावानं श्रमदान करायचं, टेकडीवर जनावरं चारायची नाहीत, आणि गावातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी दर आठवड्याला मोजून सगळ्यांना दिसेल अशा फळ्यावर लिहायचं.

“फळा कशाला, सर?” मी विचारलं.

“जमिनीखालचं पाणी एकट्याचं नसतं,” सर म्हणाले. “एकानं उपसलं की शेजाऱ्याचं खाली जातं. सगळ्या विहिरी एका फळ्यावर शेजारी शेजारी दिसल्या की हे गावाला आपोआप कळेल. तेच शिक्षण.”

मला हे फार पटलं. मी ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

शनिवारी गावी गेलो. रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर सरपंचांनी माणसं जमवली. मी एका घमेल्यात खाली मुरूम, वर माती असं भरून नेलं होतं. त्यात दोन खळगे केले होते, त्या दोन विहिरी. एका कडेनं तांब्यानं पाणी ओतलं तर ते झिरपत दोन्ही खळग्यांत कसं येतं, हे दाखवायचं होतं. पाणी जरा जास्तच ओतलं गेलं आणि दोन्ही विहिरी ढासळल्या.

“आरं, कालिजात चिखल खेळायला शिकिवत्यात व्हय?” मागून कुणीतरी म्हणालं.

“बापानं ह्याच्यापायी गाय इकली!”

सगळे हसले. वडीलही हसले. पण सरपंच मुद्द्याचं बोलले. “चिखलाचं ऱ्हाऊ द्या. ओढ्याला बांध पडला तर पुढल्या साली हिरी होळीपतुर टिकतील. मंग पोराबाळासकट कोयता घ्यून कोपरगावाला जायाची पाळी न्हाई यायची. काय म्हंता?”

यावर कुणी हसलं नाही. त्या महिन्यातच गावातली निम्मी घरं ऊसतोडीला गेली होती. ज्यांच्या विहिरीला थोडाफार ओलावा होता, तेच मागं राहिले होते. मदत मिळाली तर उन्हाळ्यात बांध पडेल आणि पुढच्या दिवाळीला घरांना कुलपं लागणार नाहीत, एवढा साधा हिशोब होता. सगळ्यांनी हात वर केले. टेकडीवर जनावरं सोडायची नाहीत, हेसुद्धा कबूल केलं.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मी फळा केला. बॅटरीच्या जुन्या सेलमधली काजळी पाल्याच्या रसात कालवून तीन हात दिले. गुरुजींनी पट्टी धरून रेघा मारल्या. माणसांची नावं घालायची नाहीत असं मीच ठरवलं, कुणाला टोचू नये म्हणून. विहिरींनाच आमच्याकडं नावं असतात. आंब्याची, वडाची, माळावरची, नवी. आमची चिंचेची. पण कुठली विहीर कुणाची, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते माझ्या ध्यानात आलं नाही, का आलं आणि मी दुर्लक्ष केलं, आता आठवत नाही.

दोरी घेऊन पहिल्यांदा गेलो तो आंब्याच्या विहिरीवर. दोरीच्या टोकाला दगड बांधलेला होता. तो तळाला टेकवायचा, वर ओढून घ्यायचा आणि ओली झालेली दोरी हातानं मोजायची. विहिरीचे मालक नात्यानं माझे चुलते. मोटेच्या धावेवर बसून ते विडी ओढत होते.

“दोरी कशाला रं?”

“पाणी मोजायचंय, तात्या.”

“हिरीत दोरी सोडून बगनार? मंग माजं तोंड काय शिवलंय?”

“तसं न्हाई, तात्या. पण सरांनी सांगितलंय...”

“तुज्या सराला म्हनावं, ही हीर माज्या बापानं खांदलीय. हिच्यात किती पानी हाय ते मला इचार. लिही, सात हात.”

त्यांची मोट न्याहारीच्या आत सुटत होती, हे मी येता-जाता बघितलं होतं. पाणी सात हात असतं तर दुपारपर्यंत तरी चालली असती. मी वहीत सात लिहिलं. दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली. ती नंतर बाहेर काढलीच नाही.

त्या दिवशी वीस ठिकाणी गेलो. कुणी पाच सांगितलं, कुणी सहा. एकच विहीर कोरडी निघाली, ती वडाची. तिची मालकीण एक विधवा म्हातारी, एकटीच राहायची. मी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं.

“कोरडी ठाक लिही. बेडूक हाय एक खाली, त्योबी जायाच्या तयारीत हाय.”

“आजी, फळ्यावर सगळ्यांना दिसंल हां.”

“दिसू दे की. मला कुनाचं लगीन जमवायचंय? एक लेक हुती, ती दिली. जावई आता काय परत करतोय व्हय?”

संध्याकाळी घरी आलो. उरली होती आमचीच विहीर. वडील अंबाडीच्या सोलाची दोरी वळत ओट्यावर बसले होते.

“आण्णा, चिंचेचं किती लिहू?”

“आठ.”

“आठ? परवा मीच उतरलो हुतो. अडीच हाताच्या वर न्हाई.”

“म्या तुला इचारलं, का तू मला?”

मग आई आतून आली. हळू आवाजात म्हणाली, “नेवाशाकडचं पाव्हनं येनार हाईत दादाला बगायला. त्यांचं पाटाचं पानी. शाळेच्या भिंतीवर अडीच लिवलेलं वाचलं, तर च्याला बी थांबायची न्हाईत.”

माझा थोरला भाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याची दोन स्थळं मोडली होती. कुणी कारण सांगितलं नव्हतं, पण दोन्ही वेळा मुलीचा बाप विहिरीत वाकून बघून गेला होता. मी शिकावं म्हणून तो सातवीतून शाळा सोडून मोटेवर उभा राहिला होता. आम्ही बोलत होतो तेव्हा तो अंगणात कडब्याच्या पेंढ्या लावत होता. सगळं त्याला ऐकू जात होतं. त्यानं मान वर केली नाही.

मी आठ लिहिलं. सगळ्यांनी थोडं थोडं वाढवलंच आहे, त्यात आमचं खपून जाईल, असं मी मनाशी म्हटलं. आकडे म्हणजे अर्जावरच्या तिकिटासारखे, चिकटवले की झालं, खरं काम बांधाचं, असंही म्हटलं. माणूस थकलेला असला की असली कारणं त्याला लवकर सापडतात.

दुसऱ्या आठवड्यात सगळे फळा वाचून आलेले. नव्या विहिरीच्या मालकानं मला रस्त्यातच गाठलं. “आंब्याची सात आन् माजी पाच? त्याच्यापरीस माजी हीर दोन पुरुस खोल हाय. साडेसात कर.” पुढच्या शनिवारी तात्यांनी ते साडेसात वाचलं आणि स्वतःचं नऊ करायला सांगितलं. मग माळावरच्या विहिरीचे मालक रुसले. ऐन पौषात, लोक ओढ्याच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होते आणि आमच्या फळ्यावरचं पाणी मात्र दर आठवड्याला चढत होतं.

गुरुजी खडू हातात घेऊन म्हणाले, “असंच चाललं तर चैत्रात पूर येतो बघ.”

मी हसलो. मला सगळं कळत होतं. एकेका वडीलधाऱ्या माणसाला खोटं ठरवायचं धाडस नव्हतं. आणि सगळ्यात मोठं खोटं माझ्या घरातलं होतं, त्यामुळं बोलायला तोंडही नव्हतं. दर शनिवारी मिरजगावहून चालत यायचं, घरी रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरी खायची, एकवीस आकडे घ्यायचे, रविवारी परत जायचं.

पौष संपता संपता नेवाशाकडचे पाहुणे येऊन गेले. मुलीच्या बापानं शाळेपुढं उभं राहून फळा वाचला, असं नंतर कळलं. विहिरीत वाकून बघायची त्याला गरज वाटली नाही. होळीनंतरच्या सोमवारी सुपारी फोडायचं ठरलं. त्या दिवसापासून भाऊ मोट हाकताना पुन्हा गुणगुणायला लागला. मोट चालायची तासभर, तेवढाच वेळ.

माघात संस्थेचे साहेब जीपनं आले. वयस्कर, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. आमच्या लोकांनी काय करावं? जीपमधनं उतरल्याबरोबर पाय धुवायला तांब्या दिला. मग तोंड धुवायला दुसरा. प्यायला तिसरा. पाहुणा आला की पाण्याला हात आखडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ते पाणी सरपंचांच्या सुनेनं भल्या सकाळी झऱ्यातून भरलं होतं. हे माहीत असलेली सगळी माणसं तिथं उभी होती.

“पुरे, पुरे,” साहेब म्हणाले.

“धुवा सायेब, धुवा. पान्याची काय कमी न्हाई,” सरपंच म्हणाले.

साहेबांनी फळ्यावरचे आकडे वहीत उतरवून घेतले. वडाच्या विहिरीपाशी पेन्सिल थांबली. “एवढ्यांत ही एकच कोरडी कशी काय?”

“म्हातारी लक्ष देत न्हाई, सायेब,” सरपंच म्हणाले.

मग एखादी विहीर बघू म्हणाले. सरपंचांनी त्यांना आपल्याच विहिरीवर नेलं. खूप खोल विहीर. वरून बघणाऱ्याला खाली पाणी चकाकतं एवढंच दिसतं. ते हातभर आहे का दहा हात, हे वरून कळत नाही. साहेबांनी वाकून बघितलं आणि समाधानानं मान हलवली. “बरं आहे तुमच्याकडे. मी काल ज्या गावाला गेलो तिथं प्यायलासुद्धा नाही.”

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. जीप निघून गेली. धुरळा बसल्यावर तात्या म्हणाले, “भला मानूस हाय. आपलं काम करनार.”

पंधरा दिवसांनी सरांनी मला बोलावलं. टेबलावर संस्थेचं पत्र होतं. गावाची तयारी चांगली आहे, पण इतर गावांच्या मानानं गरज कमी दिसते, असं त्यात लिहिलं होतं. मदत दुसरीकडं जाणार होती.

“दोरी सोडून मोजलं होतंस?” सरांनी विचारलं.

“नाही, सर.”

“मग?”

“विचारलं.”

“आणि त्यांनी सांगितलं.” सरांनी पत्रासोबतची आकड्यांची यादी माझ्यापुढं सरकवली. “तुझ्या घरचा आकडा कुठला?”

मी बोट ठेवून दाखवला. “खरा किती?” असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “यादी अजून पक्की झालेली नाही. मी त्यांना पुन्हा एकदा या म्हणून कळवतो. येत्या शनिवारपर्यंत सगळ्या विहिरी मोजून आण. या वेळी दोरी ओली झालेली दिसली पाहिजे.”

येता शनिवार म्हणजे सोमवारच्या सुपारीच्या आधी दोन दिवस.

मी त्याच दिवशी दुपारची एस.टी. पकडली. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आई नव्या टोपल्या सारवत होती, पाहुण्यांसाठी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वडील कंदिलाची काच पुसत राहिले. भाऊ बोलला.

“आठ दिस थांब. सुपारी फुटू दे. मंग काय मोजायचं ते मोज.”

“शनिवारपर्यंतच मुदत हाय, दादा.”

“तुजी मुदत हाय. मला काय मुदत हाय का न्हाई?”

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तो पुन्हा म्हणाला, “शिकून तू तरी दुसरीकडं जाशील. ही हीर तर माज्याच गळ्यात हाय. तिच्यात किती हाय ते साऱ्या जगाला सांगायचंच कशाला?”

“बांध पडला तर तिच्यात पाणी राहील, दादा.”

“राहील तवा राहील,” तो म्हणाला आणि उठून बैलांकडं गेला. आई माझ्याकडं न बघता सारवत राहिली. ती रागावलेली नव्हती. फक्त दमलेली होती, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं.

सकाळी पारावर माणसं जमली. मदत नाकारल्याचं, सरांनी बरोबर दिलेलं पत्र मी वाचून दाखवलं. एकच गलका झाला.

“तू काय लिवून दिलंस?”

“तुमी सांगितलं तेच.”

“आमी सांगितलं म्हनून लिवायचं? मंग कालिज कशाला शिकतो?”

“दोरी सोडली तर तात्या म्हणाले, तोंड शिवलंय का,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. तात्यांनी विडी विझवली आणि ते दुसरीकडं बघायला लागले.

“आता परत मोजायचंय,” मी म्हणालो. “शनिवारच्या आत. दोरीनं. परत ते साहेब येतील तेव्हा खरं सांगायचं.”

कुणी हालेना. मग नव्या विहिरीचे मालक म्हणाले, “मोज की. पर आदी तुज्या बापाची हीर मोज. भाताचं शीत घरचंच चेपून बगावं.”

त्यात टोमणा होता. आमच्या सुपारीची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. मी वडिलांकडं बघायचं टाळलं. मला वाटलं आता ते उठून घरी जातील, आणि ते गेले असते तर मी कुणाच्याच विहिरीवर जाऊ शकलो नसतो. वडील उठले. पटका झटकून डोक्याला बांधला.

“चल. दोरी आन,” ते म्हणाले.

पंधरा-वीस माणसं आमच्या मागोमाग चिंचेखाली आली. भाऊ तिथं नव्हता, रानात गेला होता. दोरी मी सोडणार होतो, पण वडिलांनी माझ्या हातातून घेतली. दगड तळाला टेकल्याचं त्यांच्या हाताला कळलं. सावकाश वर ओढून घेतली. ओल्या भागावर कोपरापासून बोटापर्यंत एक हात धरला, मग दुसरा. तिसरा धरायला ओली दोरी उरली नव्हती.

“दोन हात, चार बोटं,” ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग माझ्याकडं वळून थोडं हळू, “लिही. पोरगी नांदायला आली असती तर पैल्याच दिवशी घागर घ्यून हितं वाकलीच असती.”

कुणी चेष्टा केली नाही. मग तात्या पुढं आले. “आता माज्याकडं चला. किती निगतंय ते मला बी एकदा बगायचंय.” त्यांचं नऊ हाताचं पाणी दीड हात निघालं. ते स्वतःच हसले. “म्या म्हनलं हुतं नऊ. बोटं म्हनायचं ऱ्हायलं.”

मग सगळं सोपं होत गेलं. इतकं सोपं की मला थोडा रागच आला. तीन महिने जे तोंडानं सांगता येत नव्हतं, ते एका सकाळी दोरीनं बाहेर आलं. दुपारपर्यंत तर उलटी चढाओढ लागली. “माजं त्याच्यापरीस कमीच निगंल बग,” असं लोक आधीच सांगायला लागले. पण दोरी कुणाचं ऐकत नव्हती. वडाच्या विहिरीवर म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. “हितं काय मोजता? माजी पैल्यापास्नं खरी हाय. जा फुडं.”

संध्याकाळी गुरुजींनी फळा पुसला आणि नवे आकडे लिहिले. एकवीस विहिरींत चार हातांच्या वर एकही नव्हती. लोक बराच वेळ फळ्यापुढं उभे होते. आपल्या सगळ्यांच्या विहिरी इतक्या एकसारख्या आटल्यात, हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितलं. सर म्हणाले होते ते हेच असावं. पण त्या वेळी मला त्याचा आनंद वगैरे झाला नाही. भाऊ रानातून त्याच रस्त्यानं आला. फळ्यापुढं क्षणभर थांबला, वाचलं आणि घरी गेला.

सोमवारी नेवाशाकडचे पाहुणे आले नाहीत. आईनं दोन वेळा चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि दोन वेळा उतरवलं. तेवढं पाणी तिनं परत हंड्यात ओतलं. तीन दिवसांनी मिरजगावच्या बाजारात कुणीतरी निरोप दिला, मुलीच्या मामाला पसंत नाही म्हणून. विहिरीचं नाव कुणी काढलं नाही. अशा गोष्टी बाजारात माणसांपेक्षा आधी पोचतात. भावासाठी आणलेलं नवं धोतर आईनं घडी न मोडता पेटीत ठेवलं. त्या दिवसापासून भाऊ माझ्याशी बोलायचा बंद झाला. भांडण नाही, शिवी नाही. मी समोर आलो की तो दुसऱ्या कामाला लागायचा.

साहेब पुन्हा आले. या वेळी सरपंचांनी त्यांना अर्धा पेला पाणी दिलं आणि म्हणाले, “एवढंच हाय, सायेब. माफ करा.” साहेबांनी ते सगळं पिऊन टाकलं. तीन विहिरींत त्यांनी स्वतः दोरी सोडली. पहिले आकडे खोटे का होते, हे त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. लग्नाचंही सांगितलं, फक्त कुणाच्या ते नाही. ते काही लिहीत नव्हते, नुसते ऐकत होते.

मदत मंजूर झाली, पण निम्मी. दोनाऐवजी एक बांध, तोही वरच्या अंगाला. टेकडीवरच्या चरांचं पुढच्या वर्षी बघू, असं पत्रात होतं. पाण्याच्या शिक्षणाचा भाग वगळला होता. कारण दिलेलं नव्हतं. मी ते पत्र पारावर वाचलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. “निम्मं तर निम्मं,” सरपंच म्हणाले. “उद्यापास्नं फावडी काढा.”

वैशाखात काम चाललं. माझी परीक्षा संपली होती. सकाळी सातला ओढ्यात उतरायचं आणि ऊन सोसेनासं झालं की थांबायचं. ऊसतोडीहून परतलेली माणसंही येऊन मिळाली. काही तर गाडीतनं बिऱ्हाड उतरवायच्या आधीच बांध बघायला आली. माती खणणारे खाली, आणि तिथपासून बांधापर्यंत माणसांची ओळ. घमेलं हातातून हातात जायचं. दर दिवशी जागा बदलायच्या. चौथ्या दिवशी ओळ लावणाऱ्यानं काही विचार न करता मला खणायला लावलं, आणि भरलेलं घमेलं घ्यायला माझ्या पुढं भावाला उभं केलं.

तासभर तसंच चाललं. मी भरायचो, तो उचलायचा. तो घमेल्याकडं बघायचा, माझ्याकडं नाही. माझे तळहात सोलून निघाले होते. पण ते त्याला दिसू नयेत म्हणून मी भराभर, शिगोशीग भरत होतो. काहीतरी फेडल्यासारखं. किती भरलं म्हणजे फिटेल, हे मला कळत नव्हतं. पुढं उभी असलेली माणसं घमेलं घेताना वाकत होती, कुरकुरत होती. एका बाईच्या हातून ते निसटलं आणि माती तिच्या पायावर सांडली.

भावानं रिकामं घमेलं माझ्यापुढं ठेवलं. या वेळी लगेच हात मागं घेतला नाही. घमेल्याच्या काठावर हात तसाच ठेवून तो खाली, माझ्या हातांकडं बघत राहिला.

“निम्मं भर,” तो म्हणाला. “लई लांब न्यायचंय.”

मी निम्मं भरलं. त्यानं ते उचललं आणि पुढं दिलं.